चौथीनंतर कुठली शाळा?

कर्जत, नेरळ, कशेळे, चौक, खोपोली अशा बाजाराच्या गावांत एक गंमत दिसते. जिल्हा परिषदेच्या किंवा नगर परिषदेच्या शाळेत पाचवीचा वर्ग असतो आणि तिथून हाकेच्या अंतरावर असलेल्या हायस्कूलमध्येही पाचवीचा वर्ग असतो. हायस्कूल अनुदानित असेल तर दोन्हीकडे बालभारतीचीच पुस्तकं, तीही फुकट. दोन्हीकडे दुपारचं पोषण आहाराचं जेवण. शिक्षकांचा पगारही दोन्हीकडे सरकारी तिजोरीतूनच होतो. मग एकाच गावात दोन पाचव्या कशासाठी? आणि जूनच्या तोंडावर आईबापांनी त्यातली एक निवडायची ती कशावरून?

सहसा निवड होते ती इमारतीवरून, गणवेशावरून किंवा ‘शेजारच्यांची मुलगी तिकडे जाते’ यावरून. यातलं शेवटचं कारण अगदीच वाईट नाही, कारण सोबतीला कुणीतरी असणं वाटेच्या दृष्टीने मोलाचं असतं. पण शाळा आतून कशी चालते, हे यातल्या कशावरूनच कळत नाही. ते कळायला थोडा हिशेब मांडावा लागतो. हिशेब सोपा आहे, फक्त तो पालकांना कुणी सांगत नाही.

सातवीची जुनी वेस

दोन पाचव्यांचं मूळ जुन्या रचनेत आहे. पूर्वी मराठी शाळा म्हणजे पहिली ते चौथी, आणि मोठ्या गावात सातवीपर्यंत. सातवीला ‘फायनल’ची परीक्षा असे. आजोबांच्या पिढीतले कितीतरी लोक फायनल पास होऊन मास्तर झाले, तलाठी झाले. म्हणजे सातवी ही शिक्षणाची एक वेस होती, तिथपर्यंत पोचलेला माणूस शिकलेला समजला जाई. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि या मराठी शाळा त्यांच्याकडे आल्या.

दुसरीकडे गावोगावच्या शिक्षणसंस्थांनी हायस्कुलं काढली. कर्जतचं अभिनव ज्ञान मंदिर किंवा खोपोलीचं जनता विद्यालय ही त्या परंपरेतली नावं. हायस्कूल म्हणजे पाचवी ते दहावी. असे दोन रस्ते पाचवी, सहावी, सातवी या तीन वर्गांपुरते एकमेकांना समांतर धावत राहिले, आणि त्यात कुणाला वावगं वाटलं नाही.

मग शिक्षण हक्क कायदा आला. तो २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला. त्याने वाटणीच बदलली: पहिली ते पाचवी प्राथमिक, सहावी ते आठवी उच्च प्राथमिक. त्यानुसार चौथीपर्यंतच्या शाळांना पाचवी आणि सातवीपर्यंतच्या शाळांना आठवी जोडायची, असं ठरलं. काही ठिकाणी वर्ग जोडले गेले, काही ठिकाणी नाही. कारण हायस्कूलने पाचवी सोडली तर तिथली शिक्षकांची पदं जातात, आणि कुठलीही संस्था आपण होऊन पदं सोडत नाही. म्हणून आज एका वाडीतली शाळा चौथीपर्यंत, दुसरीतली पाचवीपर्यंत, केंद्रशाळा सातवी किंवा आठवीपर्यंत आणि हायस्कूल पाचवीपासून, अशी सरमिसळ आहे.

पालकांनी पहिला प्रश्न विचारायचा तो यावरूनच: ही शाळा माझ्या मुलाला कुठल्या इयत्तेत बाहेर काढणार? जिल्हा परिषदेची शाळा सातवीला संपत असेल तर आठवीला नवी शाळा, नवे सर, नवी मुलं. हायस्कूलमध्ये पाचवीतच गेलं की दहावीपर्यंत ओसरी बदलत नाही. प्रत्येक बदलाच्या वेळी काही मुलं गळतात, आणि त्यांत मुली जास्त असतात. शिवाय कायद्याचं मोफत शिक्षणाचं बंधन आठवीपर्यंतचं, म्हणजे आठवीला संपणाऱ्या शाळेतून निघालेल्या मुलाला नववीचा प्रवेश त्या कायद्याच्या छत्राखाली मिळत नाही.

पटावरून पद

आता हिशेबाकडे. शाळेला किती शिक्षक मिळणार हे मुख्याध्यापक ठरवत नाहीत, गाव ठरवत नाही आणि आमदारही ठरवत नाही. ते ठरतं पटावरून, म्हणजे हजेरीपटावर किती मुलांची नावं आहेत त्यावरून. दरवर्षी ३० सप्टेंबरचा पट धरून शाळेची पदं मंजूर होतात. या प्रक्रियेला ‘संचमान्यता’ म्हणतात. शिक्षकांच्या खोलीत हा शब्द दिवसातून चारदा कानावर येतो, पालकसभेत मात्र तो क्वचितच निघतो.

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात आकडे दिलेले आहेत. पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. म्हणजे ६० मुलं असतील तर पाच वर्गांना दोन शिक्षक, आणि ६१ वं मूल आलं की तीन. एका मुलामागे एक अख्खा शिक्षक! उलट बाजूनेही तसंच. ६१ मधून एक मूल गेलं की कागदावर तिसरा शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो आणि त्याचं समायोजन, म्हणजे दुसऱ्या शाळेत रवानगी, होऊ शकतं.

सहावी ते आठवीसाठी कायद्याची अपेक्षा वेगळी आहे. तिथे वर्गामागे किमान एक शिक्षक हवा, आणि विषयांची वाटणी अशी की एक गणित-विज्ञानाचा, एक सामाजिक शास्त्रांचा, एक भाषांचा. शिवाय ३५ मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण. प्रत्यक्षात पदं मंजूर होतात ती राज्याच्या शासन निर्णयांनुसार. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने हे निकष बदलले, आणि सहावी ते आठवीचा पट २० च्या आत असेल तर तिथे नियमित पदच उरत नाही, ही त्याविरुद्धची शिक्षक आणि पालकांची मुख्य तक्रार आहे. डोंगराच्या कडेच्या गावांत सहावी-सातवी मिळून वीस मुलं जमवणं किती अवघड आहे, हे तिकडच्या कुठल्याही मास्तरांना विचारा.

इथे एक चक्र सुरू होतं. एसटीची फेरी बंद पडते ना, तसंच. गाडीला माणसं कमी म्हणून फेरी कमी होते, फेरी कमी झाली म्हणून उरलेली माणसं मिनीडोर धरतात, आणि मग ‘प्रतिसाद नाही’ म्हणून फेरी बंदच होते. शाळेतही पाच-सात मुलं हायस्कूलला गेली की एक पद जातं, पद गेलं की दोन वर्ग एका खोलीत बसतात, ते बघून आणखी पालक मुलं काढतात. शेवटी शाळा वाईट झाली असं सगळे म्हणतात, आणि तोपर्यंत ती खरंच वाईट झालेली असते. शिकवणारी माणसं मात्र तीच असतात!

याचा व्यवहारातला अर्थ असा की पालक शाळा निवडतो तेव्हा तो ती बदलतही असतो. एका वाडीतल्या आठ-दहा घरांनी मिळून ठरवलं तर एक पद टिकतं. एकट्याने ठरवलं तर मुलाला मिळेल तेवढंच मिळतं. म्हणून हा निर्णय घरात बसून घेण्यापेक्षा पारावर बसून घेतला तर त्याला जास्त वजन येतं. हे मत भाबडं वाटेल, पण आकड्यांचं गणितच तसं आहे.

एका खोलीत दोन वर्ग: किती वाईट?

जोडवर्ग म्हटलं की पालकांच्या कपाळाला आठी पडते. दुसरी-तिसरीच्या मुलांना एकत्र बसवून शिकवणारे उत्तम शिक्षक आहेत, आणि त्या वयात मोठ्या मुलांचं ऐकून धाकटी मुलं बरंच उचलतात. तिथे जोडवर्गाची भीती बाळगू नये. सहावी-सातवीत मात्र गोष्ट बदलते. तिथे अपूर्णांक, पूर्णांक, बीजगणिताची सुरुवात, विज्ञानातली मापनं असा एकावर एक रचलेला मजकूर असतो. निम्मा तास सहावीला आणि निम्मा सातवीला दिला तर रचना मध्येच सुटते. त्यातही भाषेचे पदवीधर सर गणित ओढून नेत असतील तर मुलाची त्या विषयाशी गट्टी जमणं नशिबावर राहतं.

हायस्कूलमध्ये विषयवार शिक्षक असण्याची शक्यता जास्त, हे खरं. पण एक पाहून घ्यावं: तिथे गणिताचे जाणते सर बहुधा नववी-दहावीला जुंपलेले असतात आणि पाचवी-सहावी नव्या किंवा तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांकडे जाते. संस्थेचं लक्ष दहावीवर असतं, त्यात नवल नाही. आणि वर्गात साठ-सत्तर मुलं असतील तर ‘विषयतज्ज्ञ’ या शब्दाला फारसा अर्थ उरत नाही.

शिक्षक टिकण्याचाही फरक आहे. जिल्हा परिषदेचे शिक्षक जिल्हाभर बदलीपात्र असतात, अवघड क्षेत्रातले तर तिथली वर्षं भरली की बदली मागायला मोकळे. गावाने जीव लावलेले गुरुजी एका आदेशाने निघून जातात. संस्थेच्या शाळेत तेच शिक्षक वर्षानुवर्षं राहतात. चांगले असतील तर ही मोठी जमेची बाजू, आणि नसतील तर तितकीच मोठी अडचण.

घरबसल्या बघता येतं ते

देशातल्या प्रत्येक शाळेला अकरा आकडी यूडायस क्रमांक असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढचे दोन जिल्ह्याचे, मग तालुका, गाव आणि शाळा. महाराष्ट्राचे २७ आणि रायगडचे २४, त्यामुळे कर्जत-खालापूरच्या शाळांचे क्रमांक २७२४ ने सुरू होतात. हा क्रमांक शाळेच्या फलकावर किंवा दाखल्यावर सापडतो. यूडायसच्या संकेतस्थळावर तो टाकला की शाळेची माहिती मोबाईलवर उघडते: इयत्तावार मुलं-मुली, शिक्षक किती, वर्गखोल्या किती, मुलींचं स्वच्छतागृह, वाचनालय, संगणक.

ही माहिती शाळेनेच भरलेली असते, तेव्हा ‘वाचनालय: आहे’ याचा अर्थ कुलूपबंद कपाट असाही असू शकतो. पण इयत्तावार पट फार बोलका असतो. तो आडवा वाचा. सहावीत मुली किती आणि आठवीत किती? आकडा अचानक गळत असेल तर का, हे शाळेत जाऊन विचारा.

हाच तक्ता शंभर टक्के निकालाच्या फलकाशी ताडून बघण्यासारखा आहे. हायस्कूलच्या फाटकावर मार्चच्या परीक्षेतले पहिले तीन चेहरे आणि ‘निकाल १०० टक्के’ असं झळकतं. समजा, परीक्षेला ४१ बसले आणि ४१ पास झाले. पण हीच तुकडी पाचवीत असताना ६० ची होती का? उरलेली कुठे गेली? काही दुसऱ्या गावी गेली असतील, काही कामाला लागली असतील, आणि काहींना नववीतच ‘१७ नंबरचा फॉर्म भर’ असं सांगून बाहेरून बसवलं असेल. ती या शंभर टक्क्यांत नसतात. शिवाय आठवीला जिल्हा परिषदेच्या शाळांतून आलेली हुशार मुलं त्या फलकावर असतात, त्यांचं श्रेय वाटून घ्यायला मात्र कुणी जात नाही. दहावीचा निकाल शाळेच्या दहावीबद्दल थोडं सांगतो. सहावीच्या वर्गात काय चालतं, याबद्दल काहीच सांगत नाही.

वही मागून बघा

याहून भरवशाची गोष्ट म्हणजे त्या शाळेत सध्या सहावी-सातवीत शिकणाऱ्या मुलाची गणिताची वही. नातलगांत, शेजारी कुणीतरी असतंच. अपूर्णांकांची पानं काढा. दोन तृतीयांश अधिक तीन चतुर्थांश, असं उदाहरण सापडेल. घाईत बरीच मुलं वरचे आकडे वर मिळवतात आणि खालचे खाली, उत्तर येतं पाच सप्तमांश. गंमत म्हणजे पाच सप्तमांश हे तीन चतुर्थांशापेक्षाही लहान. म्हणजे मिळवल्यावर कमी झालं! बरोबर उत्तर सतरा बारांश, एकापेक्षा मोठं.

चूक होणं मुळीच वाईट नाही. बघायचं ते त्या चुकीपुढे लाल शाईने काय केलं आहे ते. बरोबरची खूण असेल तर वही बघितलीच गेलेली नाही, नुसती सही मारली आहे. फुली असेल तर निदान बघितली. फुलीखाली मुलाने तेच उदाहरण छेद समान करून पुन्हा सोडवलेलं असेल, किंवा सरांनी शेजारी भाकरीचे तुकडे काढून दाखवले असतील, तर त्या वर्गात शिकवणं चालू आहे. ही परीक्षा इमारतीला फसत नाही आणि गणवेशालाही नाही. दोन शाळांच्या दोन वह्या शेजारी ठेवल्या की पुष्कळदा निर्णय तिथेच होतो.

चौकट: शाळेत जाल तेव्हा

जुलैतल्या एखाद्या पावसाळी मंगळवारी जा, प्रवेशाच्या दिवशी नको. भिंतीवरचं वेळापत्रक वाचा आणि त्या तासाला त्या वर्गात खरंच कोण आहे ते बघा. गणित-विज्ञान कोण शिकवतं आणि त्यांचा स्वतःचा विषय कुठला, हे विचारा. सेमी इंग्रजी असेल तर ते कुठल्या इयत्तेपासून आणि पुढच्या शाळेत चालू राहणार का, हेही. मुलींचं स्वच्छतागृह उघडं आहे आणि पाणी येतं, याची स्वतः खात्री करा. शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकाचं नाव विचारा: कायद्याने समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. कुणालाच नाव सांगता आलं नाही, तर तेही एक उत्तरच आहे. प्रवेशासाठी मुलाची लेखी परीक्षा किंवा देणगी मागितली तर आठवीपर्यंत दोन्ही बेकायदेशीर आहेत.

पावसाळ्यातली वाट

राज्याच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असायला हवी. नकाशावरचे तीन किलोमीटर आणि आपल्याकडचे जुलैतले तीन किलोमीटर यांत फरक आहे. उल्हास, पेज, चिल्लार, पाताळगंगा यांना मिळणारे वहाळ तासाभराच्या पावसात फुगतात. साकव पाण्याखाली गेला की त्या दिवसाची शाळा बुडते. सहावी ते आठवीला वर्षात २२० दिवस शाळा भरणं कायद्याला अपेक्षित आहे, पण मुलाचे दिवस वाटेवर ठरतात. पावसाळ्यातले पंधरा-वीस दिवस बुडाले की नेमकी पहिल्या सत्राची पायाभरणी हुकते.

म्हणून दोन्ही शाळांची वाट एकदा मुसळधार पावसात चालून बघावी. हायस्कूल दुपारपाळीचं असेल तर सुटायला पाच-साडेपाच होतात, आणि ढग दाटलेले असले की वाडीपर्यंत पोचेस्तोवर अंधार. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी या बाजूची मुलं लोकलने खोपोली-कर्जतला जातात. तिथे एक गाडी चुकली की पुढची बराच वेळ नसते, तेव्हा शाळेच्या वेळेशी गाडीची वेळ जुळते का, हे आधी पाहावं. एसटीचा रस्ता असेल तर ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली बारावीपर्यंत प्रवास मोफत आहे आणि मुलांना पासात दोन तृतीयांश सवलत. शाळेने नावं पाठवली की आगारातून पास मिळतो.

पुढच्या परीक्षा आणि वसतिगृहं

काही वाटा या निवडीतूनच उघडतात किंवा बंद होतात. आठवीत एनएमएमएस ही परीक्षा असते. उत्तीर्ण होऊन निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि मूल सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकत असायला हवं. म्हणजे आपल्या दोन्ही शाळा चालतात, विनाअनुदानित चालत नाही. शाळेने आजवर किती मुलं बसवली, हा प्रश्न दहावीच्या टक्क्यांपेक्षा जास्त कामाचा आहे. स्कॉलरशिपची परीक्षा काही वर्षं पाचवी-आठवीला होती, ती पुन्हा चौथी-सातवीला आणण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला, त्यामुळे सातवीपर्यंतच्या शाळांना तयारी करून घेण्याचं कारण परत मिळालं.

पाचवीतल्या मुलाला माणगाव तालुक्यातल्या निजामपूरच्या जवाहर नवोदय विद्यालयाची प्रवेशपरीक्षाही देता येते. जागा मोजक्या असतात आणि त्यांतल्या किमान ७५ टक्के ग्रामीण मुलांना. ठाकूर-कातकरी वाड्यांवरच्या मुलांसाठी पेण प्रकल्प कार्यालयाच्या आश्रमशाळा आहेत, तिथे राहणं-जेवण होतं आणि वाटेचा प्रश्न सुटतो. पण अशा निवासी शाळांतल्या मुलांना एनएमएमएस मिळत नाही, आणि दहा-अकरा वर्षांचं मूल घराबाहेर ठेवायचं की नाही, हे कुठल्याही तक्त्यात बसत नाही. वीटभट्टीसाठी घरदार दिवाळीनंतर बाहेर पडणार असेल तर मात्र आश्रमशाळेचा विचार आधी करावा, गावातल्या दोन शाळांची तुलना नंतर.

निवड चुकली तर

शाळा बदलता येते. कायद्याच्या कलम ५ प्रमाणे मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. पट घसरू नये म्हणून दाखला लांबवला जातो, हे मात्र होतं. अशा वेळी लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी आणि त्याची प्रत पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावी. बदलायचंच ठरलं असेल तर जून-जुलैतच बदलावं. ३० सप्टेंबर उलटल्यावर गेलेलं मूल जुन्या शाळेच्या पटावर मोजलेलं असतं, नव्या शाळेत ते शिक्षकाविना वाढलेलं एक डोकं ठरतं.